कोचची शिकवणी कोण घेणार?

मागच्या अंकात लाइफ कोचिंगवर, म्हणजे प्रश्न विचारून माणसाला त्याचा रस्ता त्यालाच शोधायला मदत करण्याच्या कामावर, थोडं लिहिलं होतं, तर या वेळी पत्रं आली ती क्लायंट लोकांची कमी आणि कोच लोकांचीच जास्त. कोल्हापुरात एवढे कोच आहेत हे मलाच माहीत नव्हतं. बहुतेकांचं रडगाणं एकच, कोर्स झाला, सर्टिफिकेट भिंतीवर लागलं, आता पुढं काय शिकायचं आणि त्यात अजून किती पैसे घालायचे. म्हणून हा महिना त्यालाच देऊन टाकते. नावं छापत नाही, गाव लहान आहे.

प्रश्न : ताई, माझं आयसीएफचं एसीसी होऊन दोन वर्षं झाली, पुढच्या वर्षी रिन्यूअल आहे. ४० सीसीई लागतात म्हणून मी दिसेल तो वेबिनार करतेय, एनएलपी, माइंडफुलनेस, मनी माइंडसेट, अशी १७ सर्टिफिकेटं झालीत, लॅमिनेट करून ऑफिसात लावलीत पण. पण खरं सांगू का, क्लायंटसमोर बसलं की मी दोन वर्षांपूर्वी होते तिथंच आहे असं वाटतं. काय चुकतंय? (राजारामपुरी)

उत्तर : आधी हिशेब बघूया, कारण तिथंच घोळ दिसतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आयसीएफ म्हणजे इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, १९९५ मध्ये थॉमस लिओनार्डने अमेरिकेत सुरू केलेली संस्था. ते कोचला क्रेडेन्शियल, म्हणजे मान्यता, देतात, त्याच्या तीन पायऱ्या, एसीसी, पीसीसी आणि एमसीसी. अनुभवाचे तास अनुक्रमे १००, ५०० आणि २५००. हे क्रेडेन्शियल दर तीन वर्षांनी रिन्यू करायचं असतं आणि त्याला ४० सीसीई, म्हणजे पुढच्या शिक्षणाची युनिटं, लागतात, एक तास शिकलं की एक युनिट असा साधा हिशेब. पण त्या ४० मधली किमान २४ कोअर कॉम्पिटन्सीची, म्हणजे प्रत्यक्ष कोचिंगच्या कौशल्याची असावी लागतात आणि किमान ३ एथिक्सची. बाकी धंदा कसा वाढवायचा, स्वतःचा विकास, इतर टूल्स हे सगळं मिळून १६ च्या वर धरत नाहीत. म्हणजे तुमचं मनी माइंडसेट झालंच तर या १६ मध्ये जाणार. आणि एसीसीवाल्यांना १० तास मेंटर कोचिंग, म्हणजे अनुभवी कोचनं आपलं काम बघून केलेलं मार्गदर्शन, लागतं, ते किमान तीन महिन्यांत पसरलेलं पाहिजे, त्यातले जास्तीत जास्त ७ तास ग्रुपमध्ये चालतात, निदान ३ तास एकट्यानं बसावंच लागतं. शेवटच्या महिन्यात धावपळ करून हे उरकत नाही, दर वेळी कुणीतरी डिसेंबरात फोन करून रडतंच. तेव्हा ती १७ सर्टिफिकेटं आज रात्री खाली काढा आणि कुठलं कशात बसतं ते मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहा.

आता खरा प्रश्न. तिथल्या तिथं का वाटतंय, तर तुम्ही जे १७ ठिकाणी शिकलात त्यातल्या एकाही ठिकाणी तुम्हाला काम करताना कुणी बघितलेलं नाही. वेबिनारमध्ये बोलणारा बोलतो, आपण कॅमेरा बंद करून भाजी निवडतो (मी पण निवडलीय, खोटं कशाला बोलू).

शिरोलीच्या एका फाउंड्रीत मी काही महिने सुपरवायझर लोकांबरोबर काम करत होते. तिथला एक जण मला म्हणाला, मॅडम, कास्टिंग बाहेरनं कसं झालंय ते आम्ही बोलतच नाही, मशीनवर चढवलं की मग ब्लोहोल, म्हणजे आतल्या पोकळ्या, दिसतात. आपलं मशीन म्हणजे आपल्याच सेशनचं रेकॉर्डिंग. ऐकायला फार जड जातं, आधीच सांगते.

माझंच सांगते. प्रॅक्टिसला पाच वर्षं झाली होती, मी स्वतःला बरी कोच समजत होते. क्लायंट गुजरीतला एक तरुण (परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय), वडिलांच्या दुकानात बसायचं की नाही यावर बोलत होतो. रेकॉर्डिंग घरी बाल्कनीत बसून ऐकलं, हातात वही, एका कॉलममध्ये माझी मिनिटं आणि दुसऱ्यात त्याची. ५२ मिनिटांत मी ३१ मिनिटं बोलले होते. "म्हणजे तुला असं म्हणायचंय का" हे वाक्य अकरा वेळा, मोजलं. पण खरं लागलं ते वेगळंच. एका ठिकाणी तो म्हणतो, "दुकान नको असं नाही..." आणि थांबतो. टेपवर त्याचा श्वास ऐकू येतो. आणि मी लगेच, दोन सेकंदपण नाहीत मध्ये, "मग तुला काय हवंय?" तो म्हणाला, "तेच कळत नाही ना," आणि मग आम्ही दहा मिनिटं करिअर ऑप्शन्सवर बोलत बसलो. त्या थांबण्याच्या पलीकडं काय होतं ते तीन सेशननंतर बाहेर आलं. त्याला दुकान हवंच होतं, वडिलांच्या शेजारची खुर्ची नको होती. तीन सेशन, त्याचे पैसे, आणि मी आपली खुशीत की प्रश्न किती छान विचारते.

तेव्हा तुम्हाला माझा सल्ला एवढाच, की पुढचे सहा महिने नवीन कोर्स बंद. महिन्याला एक सेशन क्लायंटची लेखी परवानगी घेऊन रेकॉर्ड करा, आधी एकटीनं ऐका, फक्त मिनिटं मोजा आणि आपण कुठं मध्ये घुसलो तिथं खूण करा, मग त्यातला दहा-पंधरा मिनिटांचा तुकडा मेंटरबरोबर ऐका. तसेही तुम्हाला ते १० तास भरायचेच आहेत, मग ते गप्पांत का घालवायचे. मेंटर निवडताना त्याचं स्वतःचं क्रेडेन्शियल बघा, पीसीसी किंवा एमसीसी असेल तर उत्तम, एसीसी असेल तर निदान एकदा रिन्यू केलेलं पाहिजे. आणि रेकॉर्डिंग कधी डिलीट करणार तेही त्या परवानगीच्या कागदावरच लिहा, २०२३ मध्ये डिजिटल डेटाचा कायदा आलाय आणि तो नसता तरी कुणाच्या घरातलं बोलणं आपल्या फोनमध्ये वर्षानुवर्षं पडून राहणं बरं नव्हे. एखादा क्लायंट नाही म्हणाला तर विषय संपला, परत विचारायचं नाही.

डॉक्टर लोकांनासुद्धा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं पाच वर्षांत ३० क्रेडिट दाखवावे लागतात, तेव्हा नियमांवर चिडू नका. फक्त क्रेडिट भरणं आणि हात सुधारणं ही दोन वेगळी कामं आहेत हे डोक्यात ठेवा.

प्रश्न : सुपरव्हिजन घ्या असं सगळे म्हणतात. पण मेंटर कोचिंग आणि सुपरव्हिजन यात फरक काय? आणि कोल्हापुरात कुणाकडं जायचं, इथं तर माझा क्लायंट आणि माझा सुपरव्हायझर एकाच लग्नात पंगतीला शेजारी बसायचे. (नागाळा पार्क)

उत्तर : पंगतीचं हसू आलं पण भीती अगदी बरोबर आहे.

फरक असा. मेंटर तुमचं कौशल्य बघतो, प्रश्न कसा होता, ऐकलंत किती, करार नीट झाला का. सुपरव्हिजनमध्ये बघायचं असतं ते तुमच्यात आणि क्लायंटमध्ये काय चाललंय, आणि त्यामुळं तुमच्या आत काय चाललंय. एखादा क्लायंट आला की पोटात गोळा का येतो, एखादीला दर वेळी पंधरा मिनिटं जास्त का दिली जातात, कुणाचे पैसे मागायला जीभ का रेटत नाही. ही पद्धत कोचिंगनं समाजकार्य आणि मानसोपचाराकडून उचललीय, पीटर हॉकिन्सचं सात डोळ्यांचं मॉडेल १९८० च्या दशकातलं आहे आणि ते आजही वापरतात. सात डोळे म्हणजे एकाच सेशनकडं सात जागांवरून बघायचं, क्लायंट, कोचनं काय केलं, दोघांमधलं नातं, कोच स्वतः, कोच आणि सुपरव्हायझरमधलं नातं, सुपरव्हायझर, आणि सातवी बाहेरची सगळी परिस्थिती. मला यातला पाचवा डोळा सगळ्यात मजेदार वाटतो, कारण पुष्कळदा क्लायंट आपल्याशी जसा वागतो तसंच आपण सुपरव्हायझरशी वागायला लागतो आणि आपल्या ध्यानात पण येत नाही. रिन्यूअलसाठी सुपरव्हिजनचे १० तासांपर्यंत कोअरमध्ये धरतात, म्हणजे पैसे वाया जात नाहीत.

कुणाकडं जायचं, तर गावाबाहेर. ऑनलाइन. पुणं, नाशिक, बेंगळुरू, कुठंही, फक्त ज्याला तुमच्या क्लायंटचं आडनाव ऐकून "अरे हे तर आपले" असं होणार नाही असा माणूस. तरी नाव, धंदा, गल्ली सांगायची नाहीच.

आणि महिन्याला एवढा खर्च परवडत नसेल तर तिघांचा गट करा. आम्ही केला होता, एक जण कोच, एक जण खरोखरचा स्वतःचा प्रश्न घेऊन क्लायंट आणि तिसरा गप्प बसून लिहिणारा. वीस मिनिटं सेशन, दहा मिनिटं बोलणं, मग खुर्च्या बदला. तिसऱ्या खुर्चीत बसून मी जेवढं शिकले तेवढं कुठल्याच कोर्समध्ये नाही, कारण तिथं बोलायला बंदी असते आणि जीभ चावून बसावं लागतं. फक्त एक, मिसळीच्या दुकानात भेटू नका. आम्ही पहिल्यांदा तसंच केलं आणि मागच्या टेबलवर कुणाचा तरी मेहुणा निघालाच.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे, कोर्स पूर्ण इंग्लिशमध्ये केला. माझे क्लायंट मात्र करवीर, कागल भागातले, शेती नाहीतर छोटा धंदा. गुऱ्हाळवाल्या एका काकांना मी विचारलं, "तुम्हाला आत्ता कसं वाटतंय?" ते म्हणाले, "काय न्हाई, बरं वाटतंय की, पंखा हाय." मला तर पुढं काही सुचलंच नाही. यावर कुठला ॲडव्हान्स कोर्स आहे का? (कागल)

उत्तर : भावा, तुझं पत्र मी घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. काका बरोबर होते, तुझा प्रश्न चुकला.

कोर्स नाही. पण हे कामच तुझं पुढच्या दोन वर्षांचं शिक्षण आहे असं समज, कारण हे तुला कुणी इंग्लिशमधून शिकवू शकत नाही.

मराठीत "वाटणं" हा एकच शब्द दोन कामं करतो. "तुम्हाला यावर काय वाटतं" म्हटलं की माणूस मत देतो, आणि "कसं वाटतंय" हे आपण कुणाला विचारतो, तर सलाईन लावलेल्या माणसाला. म्हणून काकांनी तब्येत सांगितली. आतली गोष्ट काढायची तर आपल्याकडं शब्द भरपूर आहेत, पण ते शरीराला चिकटलेले आहेत. जीव लागत नाही, पोटात गोळा आला, छातीवर दगड ठेवल्यासारखं झालंय, डोकं फिरलंय, मन खातंय. समोरचा यातलं एक बोलला की तू भाषांतर करू नकोस, त्याचाच शब्द उचल. काका म्हणाले, "गुऱ्हाळात जीव लागत न्हाई," तर तू विचार, "आधी कशात लागायचा?" बस एवढंच, आणि गप्प बस. तो गुऱ्हाळातल्या रात्रीचं सांगायला लागेल, काहिलीपाशी कोण बसायचं, गुळव्या कोण होता, भाऊ कधी वेगळा झाला. कोर्समधल्या भाषेत याला भावना, मूल्यं वगैरे म्हणतात, आणि तुला त्यातलं काहीही वेगळं विचारावं लागलेलं नसतं.

दुसरं म्हणजे "आपलं". आपली माणसं "माझं" म्हणायला लाजतात. "आपलं काय, चाललंय." "आपल्याला काय, पोरं सुखात पाहिजेत." आता यातलं आपलं म्हणजे मी, आम्ही, की सगळं जग? मी हसून विचारते, "आपलं म्हणजे कुणाचं हो?" बरेच जण आधी हसतात आणि मग पहिल्यांदा "माझं" म्हणतात. पण हे वयानं मोठ्या माणसाला विचारताना आवाज सांभाळ, नाहीतर पोरगं उलटं बोलतंय असं व्हायचं. मोठ्यांना काका म्हण, अण्णा म्हण, कोर्समध्ये क्लायंटला नावानं हाक मारा सांगितलं असेल ते इथं विसर.

तिसरं, शांतता. दोन मिनिटं कुणी बोललं नाही की आपल्याकडं लगेच "बाकी काय?" येतं. म्हणजे ज्या क्षणी माणूस आत उतरतोय त्या क्षणी तोच विषय झाकून टाकतो. तू सुरुवातीलाच सांगून ठेव, "काका, मधी मधी मी गप्प बसेन, तुम्ही निवांत विचार करा, मला घाई नाही." मग "बाकी काय" कमी येतं. पूर्ण जात नाही, कोल्हापूर आहे.

एक वही कर. डाव्या पानावर क्लायंटचा जसाच्या तसा शब्द, "हाय" तर "हाय"च लिहायचं, उजव्या पानावर तू काय विचारलंस, आणि घरी येऊन खाली काय विचारता आलं असतं ते. रोज एकच ओळ लिहिलीस तरी वर्षात असली वही होईल जी बाजारात मिळत नाही. याला सीसीई मिळत नाही, शून्य, तरी कर. आणि तास लिहून ठेवायला विसरू नकोस, काकांनी फीऐवजी गुळाची ढेप दिली तरी आयसीएफ ते तास पेड धरतं, वस्तू किंवा सेवेच्या बदल्यात केलेलं काम त्यांच्या नियमात बसतं. नोंद मात्र तारखेनिशी आणि काकांना सांगून.

प्रश्न : आता सायकॉलॉजीत एमए करू का? घरबसल्या होईल असं वाटतंय. (इचलकरंजी)

उत्तर : घरबसल्या आता होणार नाही. यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून सायकॉलॉजी डिस्टन्स आणि ऑनलाइन शिकवायला बंद केलंय, तेव्हा कुणी तसं ॲडमिशन देतो म्हणाला तर आधी यूजीसीच्या साइटवर बघा. रेग्युलर जमत असेल तर जरूर करा, फक्त कशासाठी ते स्वतःला स्पष्ट पाहिजे. भारतात कोच व्हायला कायद्यानं कुठलंच लायसन्स लागत नाही, आणि एमए झालं म्हणून तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टही होत नाही, त्याला आरसीआयची, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिलची नोंदणी लागते आणि तो रस्ता वेगळा आहे. मला विचाराल तर सायकॉलॉजी वाचायची ती समोरचं काम आपलं नाही हे वेळेत ओळखण्यासाठी.

प्रश्न : एक क्लायंट करिअरसाठी येतो, गेल्या वेळी सहज म्हणाला, "कधी कधी वाटतं पंचगंगेत उडी टाकावी." मी विषय बदलला. तेव्हापासून मला झोप नाही. (शाहूपुरी)

उत्तर : हे पत्र वाचल्या वाचल्या मी तुम्हाला दिलेल्या नंबरवर फोन केला होता, छापते ते बाकीच्यांसाठी. विषय बदलायचा नाही. शांतपणे सरळ विचारायचं, "जीव द्यायचे विचार येतात का? काही ठरवलंय का?" विचारलं म्हणून कुणाच्या डोक्यात तो विचार नव्यानं येत नाही. हो म्हणाला तर करिअर बाजूला, त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्या कुणाला तरी बोलवायचं आणि मानसोपचारतज्ज्ञांकडं पोचवायचं. आपल्या सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, २४ तास, मराठीत पण बोलतात. तो तुमच्या टेबलावर चिकटवलेला असू दे. गोपनीयतेचं काय असं पुष्कळ जण विचारतात, तर जिवाचा धोका असेल तिथं मी गप्प राहणार नाही हे पहिल्याच सेशनच्या करारात लिहून सही घ्यायची असते. करारात ते नसेल तर उद्याच घाला. आणि तुमची झोप, ती सुपरव्हिजनमध्ये न्यायची गोष्ट आहे, एकटीनं उरावर घेऊन फिरायची नाही.

प्रश्न : तुम्ही इतकी वर्षं करताय, तुम्हाला अजून पण मेंटर लागतो? की हे फक्त नव्या लोकांना सांगायला? (राजोपाध्येनगर)

उत्तर : खोचक आहे, आवडलं. हो, लागतो. गेल्या महिन्यातच माझ्या मेंटरला एक रेकॉर्डिंग पाठवलं होतं, माझ्या मते झकास सेशन, मुद्दाम चांगलंच निवडून पाठवलं होतं. तिचं उत्तर आलं, "४१ व्या मिनिटाला तुझा आवाज एकदम घाईत आला, काय झालं तिथं?" मला काही आठवेना. परत ऐकलं. मागं जिन्यात करकर आवाज येतो. पुढचे क्लायंट लवकर आले होते, पायात नव्या कोल्हापुरी, आणि मी समोरच्या बाईंचं बोलणं सोडून त्या चपलांची करकर मोजत बसले होते. बाई तेव्हा आपल्या सासूबद्दल पहिल्यांदाच बरं बोलत होत्या.

आता दोन क्लायंटच्या मध्ये वीस मिनिटं मोकळी ठेवते आणि बसायला खाली बाकडं टाकलंय.